एम-थ्रीचा निकाल संगणक आधीच सांगणार म्हणे!

लाप्लासग्रस्त: काल इथे एका प्राध्यापकांनी लिहिलं की बारावीचे गुण, सीईटीचं पर्सेंटाइल, हजेरी आणि युनिट टेस्ट संगणकात टाका, कोणाचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित, अडकणार ते महिन्याभरात कळेल आणि त्याला मदत करता येईल. वाचून डोकंच उठलं. आमच्या कॉलेजात हे संगणकाशिवाय चालायचं. डिफॉल्टर लिस्ट! बोर्डावर रोल नंबरसकट नाव, घरी पत्र. शिकवायला मात्र कुणी फिरकलं नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २००७ पासून मुलांना नापास होण्याचा धोका किती ते सांगणारे लाल-पिवळे-हिरवे दिवे दाखवले, 'कोर्स सिग्नल्स' नावाने. त्यामुळे मुलं टिकतात असा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी बोट ठेवलं: अहो, जी मुलं टिकली त्यांच्याच वाट्याला असे कोर्स जास्त आले!

खडूफळा: ते प्राध्यापक मीच. यादी बोर्डावर लावा असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. समोर साठ-सत्तर पोरं, सगळी माना डोलावतात. कोण बुडतंय ते सत्राच्या मधल्या परीक्षेचे, इन-सेमचे, पेपर तपासताना कळतं, तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २०१२ पासून हेच चालू आहे. धोका दिसला की सल्लागार मुलाला गाठतो. त्यासाठी त्यांनी माणसं नेमली, नुसतं सॉफ्टवेअर घेतलं नाही.

डिप्लोमाकर: सर, तुमच्या संगणकात मी कुठे बसतो? दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट दुसरं वर्ष. बारावी नाही, सीईटी नाही, पहिल्या वर्षाचं एम-वन-एम-टू नाही. पहिल्याच तासाला "हे तुमचं झालंय" म्हणत सरांनी फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन सोडवायचे सी.एफ., पी.आय. सुरू केले. मी शेजाऱ्याच्या वहीतून नुसतं उतरवत होतो.

शेंगदाणा: आलं डिप्लोमावाल्यांचं रडगाणं. आमच्या वर्गात टॉपर तुमचेच, प्रॅक्टिकलला भावही तुम्हीच खाता.

डिप्लोमाकर: टॉपर दिसतात, कारण ते शेवटपर्यंत असतात. माझा रूममेट एम-थ्रीपायी इयर डाउन झाला, वर्ष गेलं, आता गावी दुकान बघतो. तो कुठल्या टॉपरच्या यादीत शोधू?

शेंगदाणा: मग डिप्लोमाला नीट शिकायचं होतं.

डिप्लोमाकर: तू बारावीला क्लास लावून आलास, मी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासत होतो. तोंड सांभाळून बोल.

लाप्लासग्रस्त: भांडू नका रे. पण मुद्दा बिनतोड आहे. ज्याला सर्वात जास्त गरज, त्याचाच रकाना कोरा.

खडूफळा: बरं बाबांनो, रकाना कोरा दिसला की तो मुलगा आधी बोलवायचा. झालं समाधान?

तासिकावाली: बोलावणार कोण, सर? मी तासिका तत्त्वावर आहे. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, शंका सोडवल्याचे नाहीत. टीजी, म्हणजे टीचर गार्डियन, म्हणून दिलेल्या वीस मुलांचे फॉर्म भरण्यातच शनिवार जातो. आता त्यात लाल दिव्यांची एक्सेल शीट.

खडूफळा: मग काहीच करू नये?

तासिकावाली: करा की. ऑगस्टमध्ये डिप्लोमाच्या मुलांसाठी सुटलेलं गणित भरून काढणारा आठ तासांचा ब्रिज कोर्स लावा, शिकवणाऱ्याला पैसे देऊन. त्यातली बरीच अडकतात, ते सांगायला संगणक कशाला?

शेंगदाणा: ब्रिज कोर्सला आम्ही बसलो तर चालेल का? पी.आय. मलाही झेपत नाहीये.