कॅसल-मायर टेस्टमध्ये कंट्रोललाही गुलाबी रंग, आणि एम.एस्सी.चा प्रश्न

टीवाय_पाषाण
नमस्कार मंडळी. टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्री, पुणे. सोबत न्यायसहायक विज्ञानाचा छोटा कोर्स चालू आहे. बकऱ्याच्या रक्ताचा वाळलेला डाग असलेलं सुती कापड दिलंय. त्यावर कॅसल-मायर (केएम, रक्ताचा डाग ओळखायची प्राथमिक टेस्ट) व्यवस्थित गुलाबी येते, पण तुलनेसाठी घेतलेल्या कोऱ्या कापडाचा कंट्रोलही मिनिटाभरात गुलाबी होतो. रीएजंट (टेस्टचं द्रावण) दोन आठवड्यांपूर्वीचा, पारदर्शक बाटलीतला. जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) काय लिहायचं? दुसरं म्हणजे, पुढे एम.एस्सी. फॉरेन्सिक घ्यावी की ॲनॅलिटिकल केमिस्ट्री?

जुना_फिल्टरपेपर
आधी घड्याळ लाव. केएममध्ये रंग आला का, यापेक्षा कधी आला हे महत्त्वाचं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांत आला तर पॉझिटिव्ह. अर्ध्या मिनिटानंतरचा रंग वाचायचाच नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनने रीएजंट आपोआप गुलाबी होतो. तुझा कंट्रोल "मिनिटाभरात" होतोय, म्हणजे बहुधा हेच. त्यात पारदर्शक बाटली.

बनवताना: फिनॉल्फ्थॅलीन २ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड २० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १०० मिलि, जस्ताची पूड २० ग्रॅम. गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळणं), साधारण दोन तास. अल्कली आणि जस्त मिळून हायड्रोजन सुटतो, म्हणून बर्नर नको, हीटिंग मँटल घे, आणि गरम असताना बूच घट्ट लावू नकोस. गार झाल्यावर तपकिरी बाटलीत, तळाशी थोडं जस्त राहू देऊन, फ्रिजमध्ये. ते जस्तच त्याला रंगहीन ठेवतं. गाळून "स्वच्छ" केलास की आठवड्यात फिकट गुलाबी दिसायला लागतो.

क्रमही चुकवू नकोस. फिल्टरपेपरची घडी डागावर हलकेच घास. थेट डागावर थेंब टाकलास तर पुढच्या तपासणीला नमुना उरत नाही. मग इथेनॉल एक थेंब, केएम एक थेंब, आणि थांब. इथेच गुलाबी झालं तर ते रक्त नव्हे, एखादं ऑक्सिडायझर आहे: तांब्याचे क्षार, ब्लीच वगैरे. रंग नसेल तरच ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. मुळ्यासारख्या भाज्यांतलं पेरॉक्सिडेज मात्र या पायरीवरही फसवतं. शंका असेल तर पेपर १०० अंशांना तापवून पुन्हा कर. वनस्पतीचं एन्झाइम मरतं, रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, रंग त्यामुळेच येतो) टिकतं.

जर्नलमध्ये: "निगेटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह आला, निष्कर्ष काढला नाही, नव्या रीएजंटने पुन्हा केले." खाडाखोड नको. चुकीवर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख. आणि निष्कर्षात "रक्त आहे" कधीच लिहू नये, "रक्त असण्याची शक्यता" एवढंच. तुझं तर बकऱ्याचं आहे, माणसाचं की कोणाचं हे ही टेस्ट सांगतच नाही.

गणेशखिंड_मार्गे
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्या राज्यातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत (पुण्याची प्रादेशिक गणेशखिंडला आहे) विषशास्त्र, दारूबंदी व उत्पादन शुल्क, सामान्य विश्लेषण, जीवशास्त्र, डीएनए, बॅलिस्टिक, सायबर असे विभाग असतात. पहिल्या तिन्हींचा पाया रसायनशास्त्र. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर मात्र राज्यात सीआयडीच्या शाखांकडे. त्या वाटेची भरती वेगळी, हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षी कळतं.

म्हणून कोर्सच्या नावापेक्षा जाहिरातीतल्या अर्हतेची ओळ शब्दशः वाचा. पदागणिक ती बदलते. दोन-तीन जुन्या जाहिराती समोर ठेवा आणि आपली पदवी कुठे बसते ते तपासा. विषशास्त्रात जायचं असेल तर ॲनॅलिटिकल घेऊन बाकी कायदा आणि फॉरेन्सिक पदविकेने भरून काढलेलं मला जास्त पटतं. फॉरेन्सिकच घ्यायची तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ बघा. प्रवेशाआधी एकच विचारा: जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) विद्यार्थी स्वतः नमुना इंजेक्ट करतो, की लांबून बघतो?

पंचनामा
वरच्यात कायद्याची भर घालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) पाहा. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं त्यात अपेक्षित आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे. म्हणजे घटनास्थळावर काम करणारी माणसं लागणार.

तिथे प्रयोगशाळेतली हुशारी पुरत नाही, पॅकिंग यावं लागतं. रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधले की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ते एका रात्रीत वाळत नाहीत, घाई करू नये. जाळपोळीचा नमुना नेमका उलटा: पेट्रोल उडून जातं, म्हणून हवाबंद पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, आणि तिथलीच न जळलेली माती कंट्रोल म्हणून वेगळ्या डब्यात. मद्यार्कासाठीच्या रक्तात सोडियम फ्लोराइड, नाहीतर जंतू मद्यार्क खातात किंवा बनवतात. विषबाधेचा व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग) सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, पण आम्लाने मृत्यूचा संशय असेल तर मीठ नाही. ही यादी पाठ असू दे, तोंडी परीक्षेत हमखास.

टीवाय_पाषाण
खूप आभार. एक राहिलं: पेरॉक्साइडची बाटली मेडिकलमधून आणलेली, जूनपासून उघडी आहे. चालेल का?

जुना_फिल्टरपेपर
खात्री करायची. रक्त शंभरपट पातळ करून एक डाग कापडावर वाळव, हा पॉझिटिव्ह कंट्रोल. त्याला लगेच रंग आला तर पेरॉक्साइड जिवंत. नाही आला तर बाटली टाकून दे, तीस-चाळीस रुपयांची गोष्ट आहे. आणि ड्रॉपर प्रत्येक बाटलीला वेगळा. केएमचा ड्रॉपर पेरॉक्साइडमध्ये एकदा बुडाला तर तुझा कोरा कंट्रोल पुन्हा फसेल.