राज्यप्रतीके कोण ठरवते आणि ती बदलता येतात का?

वेसावकर
नमस्कार. रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हापासून आमच्या कोळीवाड्यात ही चर्चा वारंवार निघते. असे प्रतीक विधिमंडळ ठरवते की मंत्रालय? पुढच्या सरकारला ते बदलता येते का? आणि या मानामुळे पापलेटाला काही संरक्षण मिळते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : कायदेवाचक
राज्यप्रतीकासाठी विधेयक मांडावे लागत नाही. ब्लू मॉर्मन या फुलपाखराला २०१५ मध्ये आणि पांढरी चिप्पी या कांदळवन वृक्षाला २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली; राज्यगीताचा निर्णय मात्र जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, तो अंमलात आला. जे शासनाच्या निर्णयाने ठरले, ते तशाच दुसऱ्या निर्णयाने बदलता येते. तेलंगणा २०१४ मध्ये वेगळा झाल्यावर नीलपंख हा त्या राज्याचा पक्षी राहिला आणि आंध्र प्रदेशाने २०१८ मध्ये आपल्यासाठी पोपट निवडला.

प्रतिसाद : दादरचा वाचक
राष्ट्रचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. सारनाथच्या सिंहस्तंभावरून घेतलेली मुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली गेली आणि तिचा गैरवापर रोखण्यासाठी संसदेने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. राष्ट्रीय प्राण्याला असा कायदेशीर आधार नव्हता. म्हणूनच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंहाच्या जागी वाघ आला, तो भारतीय वन्यजीव मंडळाच्या निर्णयाने.

प्रतिसाद : किनारपट्टी
वेसावकर, तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राज्यमासा म्हटल्याने पापलेटाच्या पिल्लांची मासेमारी आपोआप थांबत नाही. जाळ्याच्या आसाचे (म्हणजे भोकांच्या आकाराचे) आणि पकडायच्या माशाच्या किमान लांबीचे नियम, पावसाळ्यातील बंदी, हे सारे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ च्या आधारे चालते आणि त्याची अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहे. हा मान पापलेटाला मिळावा, अशी मागणी पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरली होती, आणि तिच्यामागे घटत्या उत्पन्नाची काळजी होती. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, प्रतीक जाहीर करतानाच त्याच्या जतनासाठी विभाग कोणते उपाय योजणार, हेही शासनाने लेखी नमूद करावे. तुमच्या मच्छीमार सोसायटीने विभागाकडे हीच मागणी लेखी करावी.