व्हिएतनाममधल्या सापा गावाला जाताय? आधी भाताचा हंगाम बघा

सापाचा गाईडसोबतचा दोन दिवसांचा ट्रेक घ्यावा की हनोईहून एका दिवसात उरकावं, असं बरेच जण विचारतात. दोन दिवसच घ्या. हनोईहून बसनं पाच-सहा तास लागतात, एका दिवसात नुसता प्रवासच होईल.

पण आधी महिना ठरवा, कारण तिथे बघायची ती डोंगरउतारावरची भातखाचरं. आपल्या मुळशी-वेल्ह्यासारखी दिवाळीच्या सुमारास कापणी तिकडे नसते. सापा साधारण दीड हजार मीटर उंचीवर, हिवाळा कडक, म्हणून वर्षात भाताचं एकच पीक. मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरून लावणी होते, सप्टेंबरात पीक पिवळं होतं. पुण्यातली मंडळी दिवाळीची सुट्टी गाठून जातात आणि बहुतेक ठिकाणी धसकटंच बघून येतात, याचं फार वाईट वाटतं.

मुओंग होआ खोऱ्यातून लाओ चाय, मग ता वान ही नेहमीची वाट. पहिलं गाव ह्मोंग जमातीचं, दुसरं झाय जमातीचं. मुक्काम ता वानला घरगुती होमस्टेत करा. गाईड म्हणून गावातलीच ह्मोंग बाई मिळाली तर उत्तमच. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात कसं उतरवतात, बांधाला तोंड कुठे ठेवतात, हे ती थांबून दाखवते. निळीत बुडवलेलं कापड दारात वाळत असतं, रंगवणाऱ्या बायकांचे हातही मनगटापर्यंत निळे.

बांधाची कड तुडवू नका, फुटला तर खालच्या खाचरांचंही नुकसान होतं. वाटेत सोबत चालणाऱ्या बायका शेवटी भरतकामाच्या पिशव्या काढतात. घ्यायच्या नसतील तर सुरुवातीलाच नीट सांगा.