स्वतःच्या इच्छेसाठी लढणारा रायडर हिरो असतो का? (रियुकी, ओझ, लुपिनरेंजर – स्पॉयलर आहेत)

सांजवेळ:
मंडळी, कामेन रायडर रियुकी ही जपानी सुपरहिरो मालिका बघून संपवली, २००२ ची, पन्नास एपिसोड. ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढे वाचू नका कारण शेवटाबद्दलच विचारायचंय.

तेरा रायडर (मुखवटेवाले योद्धे), आपसात लढायचं, शेवटी जो एकटा उरेल त्याची एक इच्छा पूर्ण. आता शिंजी किदोला स्वतःसाठी काहीच नकोय. वेब न्यूजच्या छोट्याशा ऑफिसात काम करणारा पोरगा, दुसऱ्या कुणाचा तरी कार्ड डेक (रायडर व्हायची पत्त्यांची पेटी) हाताला लागला आणि अडकला, आरशातल्या राक्षसांपासून लोकांना वाचवायचं आणि रायडरांची ही मारामारी बंद पाडायची एवढंच त्याच्या डोक्यात. आणि रेन आकियामा, त्याची मैत्रीण एरी कोमात पडलीय, तिला उठवायचं तर बाकीचे बारा संपले पाहिजेत, आणि त्या बारात शिंजीही आलाच. तरीपण दोघं एकाच कॅफेत राहतात, दिवसभर भांडतात, राक्षस आला की खांद्याला खांदा लावून लढतात, आणि रेनला संधी मिळते तेव्हा त्याचा हात उठत नाही.

मला हे खूप लागलं पण नीट उलगडलं नाही. ही दोघं एकत्र का राहतात? आणि रेनला हिरो म्हणायचं का? कारण शिंजी जिंकला, म्हणजे लढाई थांबली, तर एरी तशीच पडून राहणार, त्याच्याकडे रेनला द्यायला काहीच नाही.

जुनी_रीळ:
पहिली गोष्ट म्हणजे रियुकीत मागे फिरायची सोयच नाही हे विसरू नका. प्रत्येक रायडरचा एका राक्षसाशी करार असतो, त्याला खायला घालावं लागतं म्हणजे दुसरे राक्षस मारावे लागतात, आणि ते बंद केलं तर तो राक्षस आपल्याच माणसावर उलटतो. त्यामुळे "मी नाही लढत जा" असं म्हणून घरी बसता येत नाही. शिंजीला सुद्धा नाही. मला वाटतं लेखकांनी हे फार हुशारीने केलंय, सगळे एकाच पिंजऱ्यात आहेत आणि तिथे कोण कसा वागतो ते बघायचं. किताओका वकील, असाध्य आजार झालाय, मरायचं नाहीये त्याला. असाकुराला तर इच्छाच नाही, त्याला नुसती मारामारी हवी. तेझुका शिंजीसारखाच, लढाई थांबवायला आलेला.

आणि हा सगळा खेळ ज्याने मांडला तो शिरो कानझाकी, त्याला काय हवं होतं? बहीण युई जगायला हवी होती. म्हणजे रेनचं जे कारण तेच खलनायकाचं कारण, आपलं माणूस वाचवायचंय बस. फरक एवढाच की कानझाकी त्यासाठी बारा-तेरा अनोळखी माणसं जाळायला तयार आहे आणि रेनला त्यातला एक सुद्धा मारवत नाही जो रोज त्याच्यासमोर बसून जेवतो. रेन हिरो आहे की नाही याचं माझं उत्तर इथेच आहे, त्याच्या इच्छेत नाही, तो कुठे थांबतो त्यात आहे.

काचबिंब:
जुनी_रीळ +१. पण सांजवेळ, शिंजीकडे द्यायला काहीच नाही हे पटलं नाही. ४९ व्या एपिसोडमध्ये तो एका लहान मुलीला वाचवताना जखमी होतो आणि मरताना रेनला सांगतो की मला लढाई थांबवायची होती, हे बरोबर की चूक माहीत नाही पण माझी इच्छा हीच आहे. आख्खी मालिका याला विचारत होती तुझी इच्छा काय, याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मिळालं तेव्हा वेळ संपली. तो रेनला "तू सोड" असं म्हणत नाही, तू जग म्हणतो. मी तो एपिसोड परत बघूच शकत नाही.

तिरकी_रेघ:
रियुकी आवडली असेल तर कामेन रायडर ओझ बघाच (२०१०-११), मुख्य लेखिका तीच, यासुको कोबायाशी. तिथे ही अवघड युती सगळ्यात चांगली जमलीय असं माझं ठाम मत.

आंख हा राक्षसांपैकीच एक, आठशे वर्षांनी जागा झाला तर फक्त उजवा हात उरलाय. तो हात इझुमी नावाच्या मरायला टेकलेल्या पोलिसाच्या अंगात शिरतो, आणि निघून गेला तर पोलिस मरणार. म्हणजे नायक एइजी हिनोला आंखवर विश्वास ठेवायची गरजच नाही, पण त्याला हाकलता पण येत नाही, कारण पोलिसाची बहीण हिना रोज समोर आहे. आणि आंखला मेडल (राक्षसांच्या शक्तीची नाणी) हवेत, तेव्हा रायडरमध्ये रूपांतर करणारा माणूस हवा. आईस्क्रीमवर चालणारा करार. दोघांनाही माहीत आहे की दुसरा कधीतरी उलटणार, आणि आंख खरंच उलटतो.

पण मला जास्त भिडला तो एइजी. हसरा, गरजा काही नाहीत, एक उद्याची चड्डी असली की झालं म्हणतो, आणि सुरुवातीला वाटतं व्वा काय निःस्वार्थी माणूस. मग कळतं की परदेशात यादवी युद्धात एक लहान मुलगी त्याच्या डोळ्यादेखत गेली, हात पोचला नाही, आणि घरच्यांनी त्याला पैसे देऊन सोडवून आणलं आणि वर त्याचीच शौर्यकथा करून राजकारणात वापरली. त्यानंतर याची सगळी हावच सुकून गेली. म्हणून तर तो रायडर ओझ होऊ शकतो, रिकामा आहे म्हणून. म्हणजे जिथे आपण चांगुलपणा बघत होतो तिथे जखम होती. आणि ज्याला हावच हाव आहे तो आंख, त्याच्यामुळे एइजीला परत काहीतरी हवंसं वाटायला लागतं. निःस्वार्थी हिरो हा आजारी माणूस आहे असं सांगणारी मुलांची मालिका, रविवारी सकाळी! मला आजही याचं नवल वाटतं.

जुनी_रीळ:
आणि राक्षसाची शक्ती घेऊन राक्षसाशी लढणं हे काही नवीन नाही, १९७१ च्या पहिल्या मालिकेपासून आहे. नायक होंगो ताकेशीला शॉकर या खलनायकी संघटनेनेच पळवून नेऊन बदललं, मेंदू धुवायच्या आधी तो सुटला म्हणून आपल्या बाजूला. मुळापासूनच रायडर म्हणजे शत्रूच्या कारखान्यातून निसटलेला माणूस.

हिरवा_कंदील:
सेंताईवाल्यांना (टीमने लढणाऱ्या हिरोंच्या मालिका बघणाऱ्यांना) पण बोलू द्या की 😊 लुपिनरेंजर व्हर्सेस पॅट्रेंजर, २०१८. एका मालिकेत दोन टीम, तीन चोर आणि तीन पोलिस, दोघं एकाच शत्रूशी लढतात आणि तरी एकमेकांशी पण. कारण साधं आहे. गँगलर राक्षसांच्या अंगात तिजोरी असते, त्यात लुपिन या जुन्या चोराच्या संग्रहातली वस्तू. सगळा संग्रह जमला तर चोरांची गेलेली माणसं परत येणार, कुणाचा भाऊ, कुणाची होणारी बायको, कुणाची मैत्रीण. चोरांनी तिजोरी उघडायच्या आधीच पोलिसांनी राक्षस उडवला की वस्तू पण गेली. त्यामुळे पोलिस आपलं काम चोख करत असतात आणि तेच चोरांचं सगळ्यात मोठं संकट असतं. दोन्हीकडे कुणीच वाईट नाही. वरून चोर ज्या हॉटेलात काम करतात तिथेच पोलिस जेवायला येतात, आणि चोरांपैकी कायरीला पोलिसांतल्या केइइचिरोत आपला गेलेला भाऊ दिसतो म्हणून तो त्याच्यावर जास्तच खेकसतो.

शेवट तर बघाच, चोर गँगलरांचा म्होरक्या डोग्रानिओच्या तिजोरीत अडकतात, त्याला मारलं तर हे पण संपणार, आणि केइइचिरो त्याला न मारता बेड्या घालतो. पोलिस म्हणून त्याचं एवढं वर्षभराचं काम होतं ते. दोस्ती झाली असं कुणी म्हणत नाही, चोर चोरच राहतात.

उत्तररात्र:
मी जरा वेगळं बोलतो. तुम्ही सगळे जखमा आणि इच्छा शोधताय पण कामेन रायडर कूगा (२०००) विसरू नका. युसुके गोदाईला कुठलाही सूड नाही, कुणी मेलेलं परत आणायचं नाही, लोकांचं हसू टिकावं म्हणून लढतो आणि ते मालिका शेवटपर्यंत खरं मानते. त्याची किंमत मात्र पूर्ण दाखवते. त्याला मारामारी आवडत नाही, बर्फातल्या शेवटच्या लढाईत समोरचा हसतोय आणि हा रडत रडत ठोसे मारतोय. आणि युतीच म्हणाल तर सुरुवातीला पोलिसांनी याला पण राक्षसांच्याच यादीत टाकलं होतं, नंबर चार म्हणून, गोळ्या झाडल्या. इचिजो नावाचा एकच अधिकारी सुरुवातीपासून त्याच्या पाठीशी, बाकीचं खातं हळूहळू आलं, आणि इचिजोला शेवटपर्यंत वाईट वाटतं की या माणसाला आपण यात ओढलं. निःस्वार्थी म्हणजे आजारी हे एइजीपुरतं ठीक, नियम नका करू.

तिरकी_रेघ:
मान्य, नियम नाही. पण गोदाई पण शेवटी सगळ्यांना सोडून एकटा लांब निघून जातो ना, ते का असं तुला वाटतं?

उत्तररात्र:
कारण दुसऱ्याचं हसू राखताना त्याचं स्वतःचं गेलं होतं, ते परत मिळवायला. त्याला मी आजार म्हणणार नाही, थकवा म्हणेन.

सांजवेळ:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. वाचताना एक जाणवलं, रेननी शिंजीपासून कधी लपवलं नाही की त्याला जिंकायचंय. आंख पण तोंडावर सांगतो की मला मेडल हवेत. ज्याचं कारण माहीत आहे त्याच्याबरोबर लढता येतं, मग ते कारण आपल्या विरोधात का असेना. उलट कामेन रायडर गाइममध्ये (थोडीच बघितलीय) मित्सुझाने गोड बोलतो आणि आतून काही वेगळंच, त्याचीच जास्त भीती वाटते. ओझ आजपासून सुरू करते.

काचबिंब:
गाइम पूर्ण करा आधी. मित्सुझानेचा मोठा भाऊ ताकातोरा, सात अब्जातली एक अब्ज माणसंच वाचवता येतील हे मान्य करून बाकीच्यांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस. तो आणि नायक कोउता एका बाजूला कसे येतात ते बघा आणि मग या धाग्यावर परत या, त्यावर मला खूप बोलायचंय.