पोरीनं दूध सोडलं, आणि आमचा तर गोठा आहे

सांगोल्याचा_गोठा
नमस्कार मंडळी. माझ्याकडं सात जनावरं आहेत. चार एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाची परदेशी जात) दुभत्या, एक गाभण, एक भाकड, आणि एक खिलार गाय, ती आईच्या हट्टापायी. थोरली पोरगी पुण्यात शिकते. दिवाळीला आली ती व्हीगन होऊनच. चहा नको, दही नको, आजीनं राखून ठेवलेला खरवससुद्धा नको. तिची फी तीन वर्षं दुधाच्या पगारातून गेलीय. बोललो नाही, पण ओठावर आलं होतं.

ती म्हणते, जनावरांमुळं पृथ्वी तापते. मी म्हटलं, आपल्या गाई कडबा, उसाचं वाढं, मक्याचा मुरघास खातात, त्यासाठी कुठलं जंगल तोडलं? शेण रानात जातं, गोबरगॅसवर दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. तर म्हणाली, "आप्पा, टाकीतला गॅस तुम्ही पकडला, गाईच्या तोंडातला कोण पकडणार?"

खरंच तेवढा असतो का? भांडायचं नाही, हिशेब पाहिजे.

रवंथ
आप्पा, मुलगी बरोबर बोलली. हा गॅस म्हणजे मिथेन, तो गाईच्या कोठीपोटात (पहिल्या मोठ्या पोटात) चारा आंबताना होतो आणि बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर पडतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलाची समिती) 2006 च्या मार्गदर्शिकेत आपल्या उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला 58 किलो मिथेन धरलाय. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो. म्हणजे एक गाय वर्षाला सव्वासोळाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या घरात. पेट्रोलमध्ये सांगायचं तर 700 लिटर. मोटरसायकलवर 35,000 किलोमीटर फिरा, तेवढं.

आता तुमची बाजू. हे 58 किलो वर्षाला 900 लिटर दूध देणाऱ्या गाईचे आहेत. तुमची एचएफ जास्त खाते, जास्त ढेकरा देते, पण दूध तिच्या कितीतरी पट देते, म्हणून लिटरमागं वाटा कमी. आईंची खिलार इथं मागं पडते, आणि भाकड गाय तर नुसतीच ढेकर देते (आईंना हे वाचून दाखवू नका). शिवाय मिथेन हवेत बारा-एक वर्षांत विरतो, पेट्रोलचा धूर पिढ्यान्‌पिढ्या राहतो. कडब्याचं म्हणणंही खरं आहे. ॲमेझॉनमध्ये जंगल तोडून कुरणं केली, तसं तुमच्या गोठ्यामागं काही नाही. माणसामुळं जगात होणाऱ्या तापवणाऱ्या वायूंत पाळीव जनावरांचा वाटा एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) 2006 मध्ये 18 टक्के सांगितला, 2013 मध्ये 14.5, आणि 2023 च्या अहवालात 12 च्या आसपास. ती कुठला धरते, विचारा.

बांधावरचा
शहरात एसी लावून झोपायचं आणि गाईच्या ढेकरा मोजायच्या. चालू द्या.

तीळकूट
बांधावरचे दादा, माझ्या खोलीत एसी नाही, पंखाही खडखडतो. सहा वर्षं व्हीगन आहे. आप्पा, तिला बी-12 ची गोळी घ्यायला सांगा, त्यात हयगय नको. बाकी आपलं जेवण सोपं आहे. भाकरी, पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, यात दूध कुठंय? अडतं ते चहापाशी आणि सणाला. पुरणपोळीवर तूप नको म्हणाली तर नारळाच्या दुधातली गुळवणी करा.

एक विचारते, राग मानू नका. मी दूध सोडलं ते मिथेनमुळं नाही. तुमच्या गाई दर वर्षी वितात, तर खोंड कुठं जातात?

सांगोल्याचा_गोठा
रवंथसाहेब, 700 लिटरचा आकडा पोरीला फोनवर सांगितला. म्हणाली, "सातनं गुणा." मी म्हटलं, खिलार आजीच्या खात्यावर.

ताई, राग कशाचा. बैलाचं काम ट्रॅक्टरनं नेलं. एचएफच्या खोंडाला वशिंड नाही, औताला आणि उन्हाला तो टिकत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळू कापायलाही बंदी आहे. म्हणजे कागदावर तो म्हातारा होईपर्यंत माझ्या दावणीला पाहिजे. सात जनावरांत एकही खोंड मी लिहिला नाही, ते तुम्ही बरोबर हेरलं. दोन वर्षांपूर्वीचा पंधरा दिवसांचा होता. एक जण टेम्पो घेऊन आला, पाळायला नेतो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही.

आता सॉर्टेड सीमेन, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य, भरतो. महाग पडतं, पण दहातल्या नऊ वेळा कालवडच होते. भाकड गाईचं काय करायचं, ते अजून ठरत नाही.

पोरगी संक्रांतीला येतेय. नारळ आणून ठेवलेत. गुळवणीत गूळ आधी विरघळवायचा का दूध आधी तापवायचं, तेवढं सांगा.

तीळकूट
गूळ आधी पाण्यात उकळून गाळून घ्या. नारळाचं दूध शेवटी, आच बंद करून. नाहीतर फाटतं.