सी ड्राइव्ह भरली: २४० जीबीवरचं विंडोज १ टीबीवर जसंच्या तसं कसं न्यायचं?

डिचोली_डीटीपी
डेस्कटॉप, विंडोज १०. २४० जीबीची साटा (केबलने जोडायची) एसएसडी (विंडोजात २२३ दिसते), त्यातले ६ जीबी उरलेत. मदरबोर्डवर एम.२ ची (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा रिकामी आहे, मॅन्युअलप्रमाणे तिथे एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) चालते. तीच १ टीबीची घ्यायचा विचार आहे. विंडोज नव्याने टाकायचं नाही. जुने मराठी फॉन्ट, डोंगलवालं (यूएसबीची किल्ली लावली तरच चालणारं) सॉफ्टवेअर, प्रिंटरच्या सेटिंग्ज पुन्हा बसवण्यात आठवडा जाईल, आणि चवथीची (गणेशचतुर्थीची) छपाई तोंडावर आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन स्टाइल (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) एमबीआर दिसते. त्याने फरक पडतो का?

फोंडेकर
पडतो, आणि खरं काम तेच आहे. लेगसी मोडमध्ये, म्हणजे बूटच्या जुन्या पद्धतीत, बहुतेक बोर्ड एनव्हीएमईवरून बूट होत नाहीत. यूईएफआय ही नवी पद्धत लागते, आणि त्यासाठी डिस्क एमबीआरऐवजी जीपीटी हवी. म्हणून क्लोनच्या (डिस्कच्या हुबेहूब नकलेच्या) आधी जुन्याच डिस्कवर रूपांतर करा. कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस'. ठीक म्हणाला तर 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट'. चार प्रायमरी पार्टिशन्स असतील तर तो नकार देतो, तीनपर्यंत चालतात. मग बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद करून यूईएफआय लावा आणि जुन्या डिस्कवरून एकदा नीट सुरू होतंय ना ते बघा. इथे अडलं तर पुढे जाऊ नका.

आता नवी डिस्क कोरीच बसवा आणि जुनं विंडोज एकदा सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती दिसली म्हणजे एनव्हीएमईचा ड्रायव्हर लागला. ही पायरी गाळली की क्लोननंतर निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येण्याची शक्यता असते. तरीही आलंच तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून रीस्टार्ट करा, बहुधा सुटतं.

म्हापसेकर
एम.२ चा बारीक स्क्रू आणि खालचा खुंटा बोर्डावर आहे का ते आधी बघा. नसेल तर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. सेलोटेपने दाबू नका. शिवाय काही बोर्डांवर एम.२ भरली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. जुनी एसएसडी त्याच पोर्टवर असेल तर ती दिसेनाशी होते आणि माणूस उगाच घाबरतो. कोणता पोर्ट ते मॅन्युअलात असतं.

सासष्टी७७
क्लोन करायला क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. आधी 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे एनटीएफएस (विंडोजची फाइल व्यवस्था) अर्धवट बंद राहतं आणि क्लोनझिला अडून बसतं. याच कमांडने हायबरनेशनची फाइल जाऊन काही जीबी मोकळे होतात, ते वेगळंच. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो आधी काढा. सोर्स आणि टार्गेट दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

क्लोन चालू असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, जुनी डिस्क फक्त वाचली जाते, पुन्हा सुरुवात करायची. पण कन्व्हर्टच्या वेळी आणि पार्टिशन हलवताना गेली तर अडचण. पावसात यूपीएसशिवाय ही दोन कामं करू नका.

डिचोली_डीटीपी
क्लोन झालं, विंडोज उघडलं. पण सी ड्राइव्ह अजून २२३ जीबीच आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतंय!

फोंडेकर
आधी सांगा, जुनी एसएसडी जोडलेलीच आहे का? असेल तर मशीन बंद करून तिची केबल काढा. क्लोनमुळे दोन्हींची ओळख सारखीच, त्यामुळे कदाचित अजून जुन्यावरूनच चालू असेल.

तरीही फिकटच दिसलं तर सी आणि उजवीकडची ७०० जीबीच्या आसपास रिकामी जागा यांच्यामध्ये एक छोटं पार्टिशन बसलंय, रिकव्हरी किंवा कन्व्हर्टने बनवलेलं ईएफआय (बूटच्या फायलींचं). विंडोज फक्त लगतची रिकामी जागाच जोडतं. जीपार्टेड (पार्टिशन्स हलवायचं सॉफ्टवेअर) च्या पेनड्राइव्हने ते छोटं शेवटाला सरकवा आणि सी उजवीकडे ओढा. ईएफआय हलवल्यावर बूट अडलं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ईएफआयला एस अक्षर देऊन 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. सेटअपमध्ये विंडोजचं अक्षर सी ऐवजी दुसरंच असू शकतं, आधी तपासा.

जुनी डिस्क चवथ होईपर्यंत फॉरमॅट न करता कपाटात.

डिचोली_डीटीपी
जुनीच जोडलेली होती. केबल काढून जीपार्टेडने रिकव्हरी सरकवलं, सी आता ९३० आणि डोंगलही चालतंय.