क्लाउड फोन: माणशी भाडं घ्यावं की वापराल तेवढंच बिल? हिशेब जुळत नाहीये

तराजूकाटा

नमस्कार मंडळी. प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करून आणि कॅलिब्रेट करून द्यायचं आमचं छोटं काम आहे, सगळे मिळून १४ जण. ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स (आतले सगळे फोन जोडणारा डबा) आता शेवटच्या घटका मोजतोय, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन सेवेवर जायचं नक्की केलंय. दोन कोटेशनं आलीत. एकात माणशी दरमहा ठरलेलं भाडं, आउटगोइंग त्यातच धरलेलं. दुसरं पे-ॲज-यू-गो, म्हणजे नंबरचं थोडंसं भाडं आणि बाकी जेवढी मिनिटं बोलू, जेवढे मेसेज पाठवू तेवढेच पैसे.

मी दोन्ही एका मापात आणून बघितलं. एका माणसाच्या भाड्यात दुसऱ्याकडची साधारण ४०० मिनिटं येतात, म्हणजे १४ जणांचं भाडं बरोबर ५६०० मिनिटं. आमचा वापर वर्षाच्या सरासरीने महिन्याला इनकमिंग १२०० कॉल, दर कॉल ३ मिनिटं, आणि आउटगोइंग ९०० कॉल, दर कॉल २ मिनिटं, एकूण ५४०० मिनिटं. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखंच!! पण सीझनच्या ३ महिन्यांत हे दुप्पट होतं, १०८०० पर्यंत, आणि बाकीचे ९ महिने ३६०० वर असतं. शिवाय यातलं ६० टक्के बोलणं फ्रंट डेस्कवरच्या तिघांचंच असतं, बाकीचे टेक्निशियन बाहेर फिरतीवर, त्यांना अधूनमधून फोन लागतो.

माझ्या हिशेबात काहीतरी सुटतंय असं सारखं वाटतंय, दोन्ही आकडे इतके सारखे कसे आले? जाणकारांनी सांगा. व्हिजिटच्या आठवणीचे एसएमएस आणि व्हॉट्सॲपही पाठवायचेत. आगाऊ धन्यवाद.

मीटरवाला

तराजूकाटा, प्रश्न विचारायच्या आधी स्वतःची मिनिटं मोजलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत, सेल्सवाला सांगेल तेच धरून चालतात. पण तुम्ही मोजलीत ती बोलण्याची मिनिटं आहेत, बिलाची मिनिटं वेगळी निघतात.

सगळ्यात आधी पल्स विचारा, म्हणजे किती-किती सेकंदांच्या टप्प्याने पैसे लावतात ते. कोटेशनमध्ये नुसतं 'प्रति मिनिट' लिहिलेलं असतं, पण ६०/६० पल्स असेल तर १ मिनिट १० सेकंदांचा कॉल २ मिनिटांचा धरतात आणि २० सेकंदांत संपलेला कॉल पूर्ण मिनिटाचा, म्हणजे तिप्पट. ३०/६ म्हणजे पहिले ३० सेकंद कमीत कमी आणि पुढे ६-६ सेकंदांनी, आणि १/१ म्हणजे सेकंदागणिक. ६०/६० मध्ये दर कॉलमागे सरासरी अर्धं मिनिट फुकट जातं असं धरा, तुमचे २१०० कॉल, म्हणजे १०५० मिनिटं वर चढली, ५४०० चे ६४५० झाले. झाली ना बरोबरी मोडून?

याच्याहून मोठी गोष्ट म्हणजे लेग. ग्राहकाचा कॉल तुमच्या नंबरवर आला हा एक लेग, आणि तो सिस्टीमने टेक्निशियनच्या साध्या मोबाइल नंबरवर फिरवला की तो दुसरा लेग, जो आउटगोइंगच्या दराने लागतो, आणि दोन्ही मीटर एकाच वेळी पळत असतात. ३ मिनिटांच्या बोलण्याला ६ मिनिटं. समजा सगळं इनकमिंग असं मोबाइलवर फिरवलंत तर ३६०० मिनिटं आणखी चढतील, थेट ९००० वर जाल. तोच कॉल मोबाइलमधल्या त्यांच्या ॲपवर घेतला तर तो इंटरनेटवरून जातो आणि बऱ्याच ठिकाणी हा दुसरा लेग लागत नाही. माझ्या मते पे-ॲज-यू-गो परवडणार की नाही हे इथेच ठरतं, मिनिटाचा दर थोडा इकडेतिकडे असला तर तितका फरक पडत नाही.

आणखी एक, 'स्वागत आहे, सर्व्हिससाठी १ दाबा' हे रेकॉर्डिंग सुरू झालं की सिस्टीमच्या दृष्टीने कॉल उचलला गेला. पुढचं म्युझिक, होल्ड, रांगेत थांबणं हे सगळं बिलात. जुन्या डब्याचा लॉग माणसाने उचलल्यापासून मोजत असेल तर तुमची ३ मिनिटं खरी ३ नाहीत. स्वागताचा मेसेज अगदी छोटा ठेवा. रेकॉर्डिंग साठवायचे पैसेही बहुधा वेगळे असतात, ते किती दिवस ठेवायचं हे आधीच ठरवा, नाहीतर तो ढीग वाढतच राहतो.

आता माझं मत. दोन्ही टोकं सोडा आणि मिश्र घ्या. फ्रंट डेस्कच्या तिघांना भाड्याची सीट, म्हणजे १२०० मिनिटांइतका खर्च, त्यात तुमचं ६० टक्के बोलणं बसलं. उरलेले ४० टक्के म्हणजे २१६० मिनिटं मीटरवर. एकूण ३३६०. तुमच्या दोन्ही आकड्यांपेक्षा हे कितीतरी कमी आहे. फक्त एकाच खात्यात दोन्ही प्रकार चालतात का आणि सीटमध्ये इनकमिंग पूर्ण धरलंय का, हे लेखी घ्या.

ठरलेलंबरं

मीटरवाला यांचा हिशेब बरोबर आहे पण दुसरी बाजूही मांडतो. आम्ही दीड वर्ष मीटरवर होतो, पैसे वाचले हे खरं, पण दर महिन्याला वेगळा आकडा यायचा आणि तो मंजूर करून घेताना अकाउंट्सबरोबर वाद व्हायचा, शेवटी माणसं फोन करायलाच कचरायला लागली, ग्राहकाला उलट फोन करायच्या ऐवजी ईमेल टाकायला लागली. सर्व्हिसच्या धंद्यात हे फार वाईट. म्हणून आम्ही ठरलेल्या भाड्यावर आलो.

तुमच्या बाबतीत करार महिन्यामहिन्याचा मिळाला तर सीझनचे ३ महिने भाडं आणि बाकी ९ महिने मीटर असंही करता येईल. ३ गुणिले ५६०० आणि ९ गुणिले ३६००, म्हणजे वर्षाला ४९२०० मिनिटांइतका खर्च. सबंध वर्ष भाडं धरलं तर ६७२०० होतात.

मीटरवाला

माणसं फोन करायला कचरतात हा मुद्दा मोलाचा आहे, तो कोटेशनच्या तुलनेत कधीच दिसत नाही. म्हणूनच जी माणसं दिवसभर फोनवर असतात त्यांना मीटरवर ठेवूच नये असं मला मनापासून वाटतं. मिश्र पद्धतीने वर्षाचे ४०३२० होतात, म्हणजे ४९२०० पेक्षाही कमी, आणि दर सीझनला प्लॅन बदलायची कटकट नाही. पण 'अनलिमिटेड' शब्दावर जाऊ नका, त्यामागे फेअर युसेजची, म्हणजे जास्तीत जास्त किती बोलायचं याची मर्यादा असते. सीझनमध्ये तुमच्या तिघांचं प्रत्येकी २१६० मिनिटं बोलणं होईल, तेवढं त्या मर्यादेत बसतंय का बघा.

रात्रपाळी

सगळे दर आणि पल्सवर बोलताय, मला एक गोष्ट कळकळीने सांगायचीये कारण ती आमच्यावर गुदरलीये. आमच्याकडे एका एक्स्टेंशनचा पासवर्ड एक्स्टेंशन नंबरच होता, १०२ चा १०२, कोणीतरी टेस्टिंगला केलेला आणि तसाच राहिलेला. शुक्रवारी रात्री कोणीतरी त्यावरून आत शिरलं आणि सोमवारी सकाळपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर सलग कॉल चालू, एका वेळी वीस-वीस. प्रीपेड खातं होतं पण ऑटो रिचार्ज चालू, त्यामुळे शिल्लक संपली की कार्डावरून पुन्हा भरली जायची. दोन दिवसांत आमचं कित्येक महिन्यांचं बिल झालं आणि त्यातलं फार थोडं परत मिळालं.

हे करणाऱ्यांना बोलायचं नसतंच. त्या महागड्या नंबरांवर आलेल्या दर मिनिटाच्या पैशात त्यांचा वाटा असतो, म्हणून जितकी मिनिटं जास्त तितकी त्यांची कमाई. ठरलेल्या भाड्याच्या प्लॅनमध्येही परदेशी कॉल वेगळे लागतात म्हणून धोका तिथेही आहे, पण मीटरवर त्याला तळच नसतो.

त्यामुळे तराजूकाटा, खातं उघडल्या उघडल्या, पहिला कॉल लावायच्याही आधी, ज्या देशांत तुमचे ग्राहक नाहीत ते सगळे देश बंद करा. एका वेळी किती आउटगोइंग कॉल जाऊ शकतील यावर मर्यादा घाला. ऑटो रिचार्ज ठेवायचाच असेल तर दिवसातून एकदाच आणि छोट्या रकमेचा. आणि 'स्पेंड अलर्ट' म्हणजे 'स्पेंड लिमिट' नव्हे, अलर्ट नुसती ईमेल पाठवतो आणि रविवारी पहाटे ती ईमेल कोण वाचणार. खर्च ठरावीक आकड्याला गेला की सेवा खरोखर बंद पडते का, हे विचाराच, आणि किती वेळात पडते तेही, कारण वापराचे आकडे कधीकधी उशिरा जमा होतात.

वेबसाइटवर ओटीपीचा फॉर्म असेल तर तिथेही हाच प्रकार होतो, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, येऊन हजारो नंबरांना ओटीपी मागवतात. एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून), एका नंबरला किती वेळा मागता येईल ते बांधून ठेवा.

अक्षरमोजणी

एसएमएसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मेसेजागणिक दर म्हणजे खरं तर तुकड्यागणिक दर. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीला प्रत्येकी २ बाइट लागतात म्हणून फक्त ७०. त्याहून लांब मेसेज झाला की तुकडे जोडायची माहिती आत घालावी लागते, मग दर तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि देवनागरीची ६७ च उरतात. म्हणजे १५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज एकाच्या दरात जातो आणि तेवढाच मराठी मेसेज तिनाच्या.

आणि इथे अक्षर म्हणजे आपण डोळ्यांनी मोजतो ते नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगवेगळे मोजतात. 'धन्यवाद' बघायला चार अक्षरं, सिस्टीम सात मोजते. इंग्रजी मेसेजमध्ये चुकून एखादा इमोजी किंवा वर्डमधून आलेलं वाकडं अवतरणचिन्ह पडलं तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशेबात जातो! ग्राहकांना मराठीतच मेसेज पाठवा, आपल्या भाषेत आलेला मेसेज माणूस वाचतो, पण मजकूर ७० त बसवा. 'उद्या ११ वाजता आमचे टेक्निशियन येतील' एवढं पुरतं, आदरणीय ग्राहक वगैरे नको.

व्हॉट्सॲपचं वेगळं आहे. तिथे आधी २४ तासांच्या संभाषणावर पैसे लागायचे, १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुराच्या, मेसेजागणिक लागतात. ग्राहकाने तुम्हाला मेसेज केला की २४ तासांची खिडकी उघडते, त्यात तुम्ही दिलेली साधी उत्तरं मेटाकडून (व्हॉट्सॲपच्या कंपनीकडून) फुकट असतात. पण मधल्या प्रोव्हायडरचा स्वतःचा दर त्यावर असू शकतो, तो विचारा. आठवणीचा मेसेज 'युटिलिटी' प्रकारात मंजूर करून घ्या, त्यात ऑफरची एक ओळ जरी घातली तर तो 'मार्केटिंग' मध्ये ढकलला जातो.

तराजूकाटा

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभारी आहे. दुसऱ्या कोटेशनवाल्याला फोन केला. पल्स ६०/६० निघाली! १/१ मागितल्यावर मिनिटाचा दर जरा वाढवून द्यायला तयार आहेत. जुन्या डब्याचा लॉग माणसाने उचलल्यापासूनच मोजतो हेही तपासलं, मीटरवाला म्हणाले तसंच. आणि टेक्निशियनच्या मोबाइलवर कॉल फिरवायचा हाच आमचा मूळ बेत होता, म्हणजे आम्ही सरळ दुप्पट भरणार होतो.

एक नवीन शंका. ते म्हणतात एका वेळी ५ कॉल मिळतील, जास्त चॅनेल हवे असतील तर वेगळे पैसे. सीझनमध्ये गर्दीच्या तासाला आतबाहेर मिळून ४० कॉल होतात, ३ मिनिटांचे. ५ पुरतील का?

जुनाएक्स्चेंज

याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. एर्लांग नावाचे डॅनिश गणिती होते, टेलिफोन कंपनीत काम करायचे, त्यांनी १९१७ मध्ये यासाठी सूत्र दिलं आणि ते आजही तसंच्या तसं चालतं. ४० कॉल गुणिले ३ मिनिटं म्हणजे तासात १२० मिनिटं, भागिले ६०, म्हणजे २ एर्लांग. सरासरी एका वेळी दोनच कॉल चालू असतात, पण कॉल काही रांगेत एकेक करून येत नाहीत, घोळक्याने येतात. सूत्रात घातलं तर ५ चॅनेलवर साधारण ३.७ टक्के कॉलना एंगेज लागेल, म्हणजे गर्दीच्या तासाला एखाददुसरा ग्राहक परत जाणार. ६ वर १.२ टक्के, ७ वर ०.३४ टक्के. मी ७ घेईन.

मात्र रांगेत थांबलेला कॉलही चॅनेल अडवून बसतो, आणि मोबाइलवर फिरवलेला कॉल काही ठिकाणी दोन चॅनेल धरतात, मग ७ चे १४ लागतील. ॲप वापरायला हे आणखी एक कारण. इंटरनेटची काळजी करू नका, जी.७११ कोडेकला (आवाज इंटरनेटवरून पाठवायची एक पद्धत) एका कॉलला दोन्ही दिशांना ८०-९० केबीपीएस लागतात, सात कॉलना फार तर ६५०. स्पीडपेक्षा लाइन स्थिर हवी.

तराजूकाटा

छान, मग ३ सीट, बाकी ११ जण १/१ पल्सने मीटरवर ॲपसकट, ७ चॅनेल, परदेश बंद, ऑटो रिचार्ज बंद. आधी दोन आठवडे एका वेगळ्या नंबरवर चालवून बघणार आणि त्यांचं बिल आमच्या लॉगशी कॉल टू कॉल ताडून बघणार. जमलं की जुना नंबर तिकडे नेतो, या महिनाअखेरीस जुनं कनेक्शन बंद करायचा अर्ज भरून ठेवलाय.

मीटरवाला

तो अर्ज आजच्या आज मागे घ्या. तुमचा नंबर पोर्ट करता येतो का, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का, ते आधी लेखी विचारा, आणि येत असेल तर पोर्टिंग पूर्ण होईपर्यंत जुनं कनेक्शन चालूच राहायला हवं, आधी बंद झालं तर नंबर हातातून जाऊ शकतो, आणि तो नंबर तुमच्या प्रत्येक उपकरणाच्या स्टिकरवर छापलेला असणार.

तराजूकाटा

आहेच छापलेला. आत्ताच फोन करून थांबवायला सांगितलं, लेखी अर्ज सकाळी देतो.